उजनीच्या वर, उजनीच्या खाली

‘उजनीत वजा चाळीस टक्के पाणी आहे,’ असं सोलापूरचा माणूस सहज बोलून जातो, आणि परगावच्या पाहुण्याला वाटतं, याचं गणित कच्चं दिसतंय. गणित पक्कं असतं. भीमेवरच्या या उजनी धरणाची एकूण साठवण 117 टीएमसी. त्यातलं 63 टीएमसीहून थोडं जास्त पाणी मृत साठ्यात मोडतं आणि उरलेलं साडेत्रेपन्न टीएमसी हा उपयुक्त साठा. टक्केवारी काढायची ती या साडेत्रेपन्नाची. ते संपलं की शून्य, आणि त्याच्याही खालून उपसा चालू राहिला की वजा. 2024 च्या उन्हाळ्यात हा आकडा वजा पन्नासच्याही खाली उतरला होता. माढा-पंढरपूरच्या पट्ट्यात चहाच्या टपरीवर कांद्याच्या भावाआधी उजनीचा आकडा विचारतात.

मला त्या टक्क्यांपेक्षा दुसरे दोन आकडे जास्त लागतात. धरण पूर्ण भरतं ती पातळी 496.83 मीटर. उपयुक्त साठा संपतो ती 491.03. मधलं अंतर सहा मीटरही नाही. साडेत्रेपन्न टीएमसी म्हणजे सुमारे 1,517 दशलक्ष घनमीटर. त्याला या 5.8 मीटरनं भागलं की सरासरी 260 चौरस किलोमीटरचा पसारा निघतो. एवढं सगळं पाणी एवढ्याशा जाडीत पसरलेलं, परातीत ओतल्यासारखं. कोयनेचं किंवा मुळशीचं पाणी डोंगरांच्या बेचक्यात उभं राहतं, उजनीचं आडवं पडतं. पातळी हातभर उतरली तरी कडेचं पाणी सपाट जागी फर्लांगभर मागं सरकतं. आकाशातून बघणाऱ्याला यापेक्षा सोयीचं धरण मिळणं कठीण.

भीमेच्या खोऱ्यावर मी काम करते ते बहुतेक पुण्यात, दोन स्क्रीनसमोर बसून. क्यूजीआयएस उघडायचं, उपग्रहाची चित्रं उतरवून घ्यायची, जुने नकाशे त्यांच्यावर बसवायचे, आणि धरणामुळे नदीचं काय झालं ते शोधायचं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. लँडसॅटची चित्रं 2008 पासून फुकट आहेत आणि सेंटिनेलची पहिल्या दिवसापासून. एकेका चित्रासाठी अर्ज करून पैसे भरायचे दिवस आमच्या आधीच्या पिढीनं काढले. आता अडतं ते चित्राचा अर्थ लावण्यापाशी.

पाणी ओळखायची युक्ती तशी सोपी. पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परत पाठवतं आणि अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा गिळून टाकतं. झाडोऱ्याचं उलट, तो अवरक्त भरभरून परतवतो. प्रत्येक पिक्सेलमध्ये हिरव्यातून अवरक्त वजा करायचा, दोघांच्या बेरजेनं भागायचं, आणि उत्तर एका ठरावीक रेषेच्या वर आलं की पाणी म्हणायचं. सेंटिनेल-2 च्या चित्रात पिक्सेल दहा मीटरचा असतो आणि तीच जागा साधारण पाच दिवसांनी पुन्हा टिपली जाते. उन्हाळ्यातल्या निरभ्र आभाळाखाली हे सूत्र उजनीवर चालवलं की जलाशयाची कडा सुरेख उमटते. फक्त एके ठिकाणी नाही. भिगवणच्या वर, जिथं भीमा पुण्याचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन फुगवट्यात शिरते, तिथं नकाशात पाण्याच्या मधोमध शेतं दिसायला लागतात. ऐन पात्रात, हिरवीगार, कुणाच्याही सातबाऱ्यावर नसलेली.

ती जलपर्णी. हे पुस्तकात वाचून ठाऊक होतंच, पण तिच्याखालच्या पाण्याची खोली मला कुंभारगावच्या एका मच्छीमारानं सांगितली. फोनवर मी त्याला चित्र दाखवत होते. त्यानं बोटानं मोठं केलं, त्या हिरव्या डागावर नख टेकवलं आणि म्हणाला, ‘‘ताई, हितं तुमी जमीन दावलीय. हितं दीड परुस पाणी हाय. होडी शिरत न्हाई म्हणून आमी जात न्हाई, एवढंच.’’ मग त्याच चित्रात तो आपलं जाळं कुठं असतं, चिलापी कुठं जास्त लागते, वाम हल्ली का मिळत नाही, हे सांगत बसला. त्याच्या सांगण्यावरून आम्ही त्या भागाला वेगळा नियम लावला: जे पिक्सेल पावसाळ्याच्या शेवटी पाणी होते आणि उन्हाळ्यात अचानक हिरवे झाले, पण ज्यांच्या चारी बाजूंना अजून पाणीच आहे, त्यांना जमीन म्हणायचं नाही.

कडेला मात्र उलटा प्रकार. तिथं हिरवं म्हणजे खरोखरच शेत असतं. पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात. सरकारदरबारी त्याला गाळपेर म्हणतात. जानेवारीपासूनची चित्रं ओळीनं लावली तर निळ्या कडेमागोमाग हिरवी पट्टी उतारानं खाली चालत येताना दिसते. धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांनी आपल्याच जुन्या शिवारात पाणी हटेल तसं उतरत जाऊन पीक काढायचं आणि पाऊस लागला की पुन्हा वर यायचं. महसुली नकाशात ही जमीन बुडीत. आमच्या नकाशात ती वर्षाचे काही महिने बुडीत. जलाशयाची एकच ठाम कडा काढून देणाऱ्या कुठल्याही नकाशावर माझा विश्वास उरला नाही तो या पट्टीमुळे.

धरणाआधीची नदी शोधणं हे वेगळंच प्रकरण. उजनीचं काम 1969 ला सुरू झालं आणि 1980 ला पुरं झालं. त्याआधीची भीमा बघायची तर हाताशी दोन गोष्टी. एक, भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने, इंचाला मैल मापाचे नकाशे. दुसरी, 1972 च्या जुलैत सुटलेल्या पहिल्या लँडसॅटची चित्रं.

जुना नकाशा आजच्या चित्रावर बसवायला दोन्हींत सापडतील अशा खुणा लागतात. देवळाचा कळस, रस्त्यांचा तिठा, पूल, विहीर. आता उजनीच्या बुडीत पट्ट्यात अशी खूण कुठून आणायची? गावं उठून वर गेली आणि नावं सोबत घेऊन गेली. त्यामुळे जुन्या नकाशात पळसदेव एका जागी आणि आजच्या नकाशात दुसऱ्याच. पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्यात राहिलं आहे. धरण फार आटलं की ते उघडं पडतं, त्याचे फोटो पेपरात येतात आणि पुण्याहून गाड्या भरभरून लोक बघायला जातात. डिकसळचा पूल, इंग्रजी अमदानीतला, एकेकाळी रेल्वेचा, तेवढा दोन्ही काळांत सापडतो. बाकी खुणा काठावरच्या माळावर शोधायच्या आणि मधला भाग त्यांच्या आधारानं ताणून बसवायचा. त्यातून जुने नकाशे एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, बेतलेले आणि उपग्रह आपला जगभरासाठीचा वेगळा गोलाभ धरून चालतो. हे रूपांतर नीट केलं नाही तर अख्खी नदी शेजारच्या शेतात जाऊन पडते, आणि धरणामुळे नदी सरकली असा निष्कर्ष कुणीतरी आनंदानं काढून मोकळं होतं.

लँडसॅटच्या पहिल्या चित्रांची अडचण आणखी निराळी. त्यांचा पिक्सेल साधारण ऐंशी मीटरचा, म्हणजे भीमेच्या रुंदीत मोजून चार-पाच ठोकळे. ते चालवून घेता येतं. पण ही चित्रं कधीची? 1972-73 ची. ते साल कुठलं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. ज्या वर्षी लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, त्या वर्षीची कोरडी भीमा आमच्या हातात ‘धरणाआधीची नदी’ म्हणून येते. तिच्याशी आजची तुलना केली की धरणानं नदीला पाणी दिलं असाच अर्थ निघणार. परदेशातला एखादा विद्यार्थी हेच चित्र मूळ स्थिती म्हणून घेईल आणि त्याच्या सूत्रात काहीच चुकणार नाही. यावर इलाज एवढाच की धरण पुरं होईपर्यंतच्या प्रत्येक वर्षाचं मिळेल ते चित्र घ्यायचं आणि केंद्रीय जल आयोगाच्या मोजणी केंद्रांवरच्या प्रवाहाच्या नोंदींशी ताडून बघायचं.

आता खालच्या नदीकडे. धरणानं नदी बदलते म्हणजे काय होतं, याची एक ठरलेली गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. गाळ धरणात अडकतो, खाली निवळ पाणी सुटतं, ते भुकेलेलं पाणी तळ खरवडतं, काठ ढासळतात, पात्र सरकतं, मुखाशी त्रिभुज प्रदेश झिजतो. हे खोटं नाही. पण ती पुस्तकं मऊ मातीतल्या नद्यांवर बेतलेली. आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या डोक्यात तर कोसी असते, 2008 च्या ऑगस्टमध्ये कुसहाला बांध फोडून जुन्याच वाटेनं निघालेली. मग ती उजनीखालची भीमा घेतात, जुन्या नकाशातला काठ लाल रेषेनं काढतात, आजचा निळ्या रेषेनं काढतात, एकावर एक ठेवतात, आणि हिरमुसतात. रेषा जवळपास एकच. पंढरपूरला चंद्रकोरीचं वळण होतं तिथंच आहे. नीरा नरसिंगपूरला मिळत होती तिथंच मिळते.

दख्खनच्या नद्या अशाच आहेत. तळाशी बेसाल्ट, दोन्ही अंगांना उंच, घट्ट दरडी, आणि त्यांच्या मधे खोबणीत बसलेलं पात्र. पुणे विद्यापीठातल्या विश्वास काळे यांच्यासारख्या भूरूपशास्त्रज्ञांनी तापी-नर्मदेच्या जुन्या महापुरांचा माग काढला, तो याच खडकाळ पात्रांत साचून राहिलेल्या गाळाच्या थरांवरून. अशी नदी धरण बांधलं म्हणून अंग हलवत नाही. एका बैठकीत आमचा नकाशा बघून एक साहेब म्हणाले होते, ‘‘पण मग बदल कुठाय?’’ खर्च त्यांच्या खात्यातून होत होता, तेव्हा प्रश्न रास्तच होता.

पंढरपूरच्या खाली, नदीकाठच्या एका वस्तीवर, कडब्याच्या गंजीच्या सावलीत बसलेल्या एका आजोबांना मी तोच प्रश्न विचारला होता. नदी पूर्वीपेक्षा सरकलीय का? त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. ‘‘नदी कुठं जातीय ताई? हाय तितंच हाय. पर आता ती आपल्या मनानं येत न्हाई. सोडली की येती.’’

मग त्यांनी पूर्वीचं वर्ष सांगितलं. मृगाचा पाऊस घाटमाथ्यावर धरला की आषाढात गढूळ पाणी यायचं, ते भादव्यापर्यंत चढत-उतरत राहायचं. दसऱ्यानंतर निवळायचं. माघात धार बारीक व्हायची आणि उन्हाळ्यात नुसते डोह. उघड्या वाळूत लोक टरबुजं लावायचे. आता वाळूत लावायची सोय नाही. एक तर वाळू नाही, आणि असली तरी भर चैत्रात पाणी कधी येईल याचा नेम नाही.

ते चैत्रातलं पाणी सोलापूर शहराचं. शहराला पाणी उचलायला टाकळीजवळ औजचा बंधारा आहे. तो भरायचा तर उजनीतून नदीत पाणी सोडायचं आणि ते आठ-दहा दिवस उन्हात, वाळूत, डोहांत मुरत-अडत तिथवर जाऊ द्यायचं. वाटेत केटी बंधारे आहेत, त्यांची दारं काढायची. काठावर हजारो मोटारी आहेत, त्यांनी उचलून घेऊ नये म्हणून तेवढे दिवस नदीकाठची वीज तोडायची. पाणी वाढणार असलं की ‘मोटारी काढून घ्याव्यात’ अशी सूचना फिरते. आणि आषाढी जवळ आली, पाऊस लांबलेला असला, की वारकऱ्यांना चंद्रभागेत स्नान करता यावं म्हणूनही उजनीतूनच पाणी सुटतं. नदीच्या काठाची रेषा जागची हलली नाही. हलल्या त्या तारखा.

आणि नकाशात तारीख काढायची सोय नसते. कागदाच्या नकाशात तर नाहीच. नदी निळी काढली की ती बारमाही निळी. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे यात जरा शहाणे होते. कोरडं पात्र ठिपक्यांचं आणि त्यात पाण्याची धार वेगळी, असा फरक ते दाखवत. पण तीही सर्वेक्षक ज्या महिन्यात आला त्या महिन्याची. संगणकावरच्या नकाशाचा मला झालेला खरा उपयोग हाच: एकाच जागेची शेकडो चित्रं एकावर एक रचायची आणि प्रत्येक पिक्सेलला विचारायचं की तू मार्चमध्ये किती वेळा ओला होतास, मे महिन्यात किती वेळा, ऑक्टोबरात किती वेळा. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्रानं लँडसॅटची तीस लाखांवर चित्रं चाळून सगळ्या जगासाठी असा नकाशा 2016 मध्ये केला. तो उघडा आहे, कुणीही बघावा. आम्ही आमच्या तुकड्यासाठी तेच जास्त बारकाईनं केलं, कारण जगाच्या नकाशाला केटी बंधारा म्हणजे काय हे कळत नाही.

असा नकाशा उजनीखाली जे दाखवतो ते बघायला फारसं देखणं नाही. मे महिन्यात भीमा ही नदी उरत नाही, ती तुकड्यातुकड्यांची माळ होते. प्रत्येक बंधाऱ्यामागं लांबट निळा तुकडा, पुढच्या बाजूला उघडा खडक किंवा हिरवा झाडोरा, मग पुढचा बंधारा. सोलापूरचं आवर्तन चालू असतानाचं चित्र घेतलं की वरचे काही तुकडे जोडलेले दिसतात. पाच दिवसांनी आणखी खालचे जोडलेले आणि वरचे पुन्हा सुटू लागलेले. सोडलेलं पाणी असं खाली जाताना मी स्क्रीनवर पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी जेवायची वेळ टळून गेली होती.

पात्रातला झाडोरा ही त्याच तारखांची दुसरी बाजू. मधल्या आकाराचे, दरसाली येणारे पूर उजनीत मावून जातात. तेच पूर पूर्वी पात्र धुऊन न्यायचे, उगवलेलं रोप उपटून टाकायचे. आता ते येत नाहीत, तेव्हा वाळूच्या दांड्यांवर आणि काठाच्या उतारावर वेडी बाभूळ आणि बेशरम माजतात. मुळं धरली की गाळ धरतात, गाळ धरला की आणखी मुळं. उन्हाळ्यातल्या चित्रात ही हिरवी पट्टी वर्षागणिक दोन्ही बाजूंनी आत सरकताना दिसते. काठाची रेषा जुनीच, पण रेषांच्या आतली मोकळी नदी अरुंद होत गेलेली.

मोठा पूर मात्र उजनीत मावत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये परतीच्या पावसानं सोलापूर जिल्हा झोडपला तेव्हा धरण आधीच भरलेलं होतं, वरून येईल तेवढं खाली सोडणं भाग होतं, आणि भीमेनं पंढरपुरात जुनी हद्द गाठली. ढगांमुळे साधी चित्रं निरुपयोगी होती, म्हणून आम्ही सेंटिनेल-1 चं रडार घेतलं. रडारच्या लहरी ढगातून आरपार जातात आणि सपाट पाण्यावरून पलीकडे निसटतात, त्यामुळे पाणी काळं दिसतं. नकाशा झटपट तयार झाला. पण काठावरच्या उसाच्या फडांत तो पूर दाखवेना. उभ्या उसात कमरेइतकं पाणी असलं तरी लहरी पाल्यावर आणि कांड्यांवर आदळून परततात आणि फड कोरडा दिसतो. सोलापूर जिल्ह्यात नदीकाठी ऊस सोडून दुसरं काय असतं? नुकसानभरपाईसाठी असे नकाशे वापरावेत असं जेव्हा कुणी उत्साहानं सांगतं, तेव्हा मला हे उसाचे फड आठवतात.

खालच्या नदीच्या गोष्टीत वाळूबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितेय, कारण तिथं नकाशा हात टेकतो. धरणानं वाळू अडवली हे खरं. धरणाखाली वर्षानुवर्षं वाळूचा बेसुमार उपसा झाला हेही तितकंच खरं. दोन्हींचा परिणाम वरून एकसारखाच दिसतो: पांढऱ्या दांड्या आकसतात, काळा खडक उघडा पडतो, पात्रात डबकी राहतात. ताज्या उपशाच्या वेळी नदीत उतरणारे गाडीरस्ते बारीक चित्रात स्पष्ट दिसतात, एवढाच काय तो पुरावा. पण पंचवीस वर्षांत गेलेल्या वाळूपैकी किती धरणानं नेली आणि किती ट्रकनं, याची टक्केवारी उपग्रहावरून काढून देतो म्हणणाऱ्याला मी तरी दारात उभं करणार नाही.

वरच्या बाजूला असाच एक तिढा आहे आणि तो मला अजून गमतीचा वाटतो. 2000 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानातून जगाच्या उंचसखलपणाची रडार-मोजणी झाली. ती उंची घेऊन संगणकाला सांगितलं की पाणी कुठून कुठं वाहील ते काढ, तर तो क्षणात अख्ख्या भीमेचं झाड काढून देतो. त्यात मुळशीचं पाणी मुळेतून पुण्याला, पुण्याहून भीमेला आणि भीमेतून उजनीला. उताराचा हिशेब चोख. प्रत्यक्षात मुळशीचं पाणी शंभर वर्षांपासून उलट्या दिशेला जातं. टाटांनी 1920 च्या दशकात धरण बांधायला घेतलं, सेनापती बापटांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, धरण झालं, आणि ते पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याला उतरून वीज करून कुंडलिकेला मिळतं. कोलाडला भर उन्हाळ्यात तराफ्यातून उसळत जाणारे मुंबईचे लोक ज्या पाण्यावर मौज करतात, ते नकाशातल्या उताराप्रमाणे पंढरपूरला जायला हवं होतं. लोणावळ्याच्या बाजूच्या टाटांच्या तलावांचंही तेच. तेव्हा आमच्या नकाशात घाटमाथ्यावर काही ठिकाणी हातानं बाण उलटे काढावे लागतात. इतक्या जुन्या बदलाची कुठलीही ‘आधी-नंतर’ची चित्रं नसतात. त्यासाठी कागदपत्रंच वाचावी लागतात.

रडारनं मोजलेल्या त्या उंचीत उजनीचा तळही नाही. फेब्रुवारीच्या त्या दिवसांत पाण्याची जी पातळी होती ती एक सपाट काच म्हणून नोंदली गेली. तळ हवा तर पुन्हा जुन्या नकाशातल्या फुटांतल्या समोच्च रेषा. गाळ किती साचला हे उपग्रहावरून काढायची रीत आहे, नाशिकची ‘मेरी’ ही संस्था ती वापरते: वेगवेगळ्या पातळीला पाण्याचा पसारा मोजायचा आणि मूळ आराखड्याशी ताडायचा. पण ज्या पातळीपर्यंत पाणी उतरतं तिथपर्यंतच ही रीत चालते. ज्या धरणाचा अर्ध्याहून जास्त साठा त्या पातळीच्या खाली, त्याच्या तळच्या गाळाबद्दल चांगल्या पावसाच्या वर्षी काहीच कळत नाही. 2024 सारखा वजा पन्नासचा उन्हाळा आला की आम्ही चित्रांवर तुटून पडतो. त्याच उन्हाळ्यात, 21 मे रोजी, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. जुन्या नकाशात या दोन काठांमध्ये एक नदी आहे. आज तिथं काही किलोमीटर रुंद पाणी आहे, आणि रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा.

मागल्या वर्षी महिनावार नकाशांचा संच आम्ही उजनीखालच्या एका ग्रामपंचायतीत नेला. बारा चौकटी, प्रत्येक महिन्याला एक, गडद निळं म्हणजे जवळजवळ दरसाल पाणी, फिकं म्हणजे कधीमधी. समजावून सांगायची गरज पडली नाही. बायकांनी आधी पाणवठा शोधला, पुरुषांनी आपापली मोटार. एकानं मे महिन्याच्या चौकटीवर बोट ठेवून सांगितलं की ‘हा तुकडा खोटा हाय, हितं मागच्या साली पाणी नव्हतं,’ आणि दुसऱ्यानं त्याला सुनावलं की मागच्या साली बंधाऱ्याचं दार चोरीला गेलं होतं म्हणून नव्हतं. ते मी वहीत लिहून घेतलं. चोरीला गेलेलं दार कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही.

मग कोपऱ्यातला एक तरुण पुढं आला. त्याचा केळीचा बाग होता, मोटार नदीवर. त्यानं बाराही चौकटी नीट बघितल्या. ‘‘हे समदं मागचं झालं, मॅडम. फुडचं पाणी कवा सोडणार, ते दिसतंय का ह्यात?’’

दिसत नाही, मी म्हणाले. ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. पालकमंत्री असतात, आमदार असतात, पाटबंधाऱ्याचे अधिकारी असतात. आवर्तन तिथं ठरलं की मग पेपरात येतं, कधी आदल्या दिवशी, कधी पाणी निघाल्यावर.

‘‘मग त्या बैठकीत कोण जातंय आमच्याकडनं?’’

सरपंचांनी खुर्ची मागं सरकवली आणि चहा सांगितला. त्या तरुणानं पाटबंधारे विभागाच्या शाखा अभियंत्याचा नंबर मागितला. माझ्याकडे होता, मी दिला. त्यानं तिथंच उभं राहून फोन लावला.